छातीवरचं रफू

रफूकाकूंच्या धंद्याची मोठी गंमत होती. काम फक्कड जमलं तर ते दिसायचं नाही, आणि दिसलं तर ते जमलेलंच नसायचं. त्यामुळे पंचेचाळीस वर्षं सुई चालवूनही ‘हे बघा, हे मी केलं’ म्हणून बोट ठेवायला बाईंकडे काही नव्हतं. गवंडी आपण बांधलेल्या भिंतीकडे बघून मिशीला पीळ देतो, सुतार आपल्या खुर्चीवर ऐसपैस बसून दाखवतो. काकूंनी काय दाखवायचं? जिथं काहीच नाही तिथं बोट ठेवून ‘इथं भोक होतं’ म्हणायचं? लोक वेड्यात काढतील.

एकदा एक वकील रफू केलेला कोट घेऊन गेला आणि तासाभरात तणतणत परत आला. “माझा कोट कुठाय? हा कुणाचा तरी नवा कोट माझ्या गळ्यात मारलात!” सगळं दुकान त्यानं डोक्यावर घेतलं. काकू जागच्या हलल्या नाहीत. “आतल्या खिशात हात घाला,” एवढंच म्हणाल्या. खिशातून त्याच्याच बायकोच्या हातची सामानाची चिठ्ठी निघाली, तीन आठवड्यांपूर्वीची, आणि त्यातलं साहेबांनी घरी काहीच नेलेलं नव्हतं. तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला.

दुकान मुलाचं, धुलाई-इस्त्रीचं. पुढच्या फळीवर सूनबाई कपडे घ्यायची-द्यायची, मागे मुलगा वाफेच्या ढगात उभा राहून इस्त्री मारायचा, आणि बाजूच्या उत्तरेकडच्या खिडकीशी काकूंची बैठी खुर्ची. त्या खिडकीतून ऊन यायचं नाही, उजेड यायचा. दिव्याखाली काकूंनी जन्मात टाका घातला नाही. “दिवा खोटं बोलतो,” त्या म्हणायच्या. “काळा आणि गडद निळा त्याला एकच. सूर्याला फरक कळतो.” खिडकीतला उजेड कलला की सुई उशीत.

तर अशा या खिडकीशी एक दिवस एक बाई आली. गळ्यात मोजपट्टी, केसांत पेन्सिल, खांद्यावर एक जाडजूड लोकरी कोट. तो असा तोलून धरला होता, जसं झोपलेलं पोर.

“मी सिनेमाच्या कपडेपटाची,” ती म्हणाली. “युद्धाच्या काळातला सिनेमा आहे. हा कोट त्याच काळातला, खराखुरा. दुसरे सहा आम्ही शिवून घेतलेत, पण कॅमेरा जवळ गेला की ते शाळेच्या नाटकातले वाटतात. हा एकच असा मिळालाय.”

काकूंनी कोट मांडीवर घेतला आणि उलटा केला. अस्तराच्या कडेला, काखेच्या खाली, पुसट झालेला चौकोनी शिक्का होता. त्यावरून अंगठा फिरला आणि थांबला. त्यांनी तो शिक्का पंचेचाळीस वर्षांनी बघितला होता.

“बाहीला हा खोंबारा आहे,” कपडेपटवाली दाखवत होती. डाव्या बाहीला खिळ्यात अडकून फाटावी तशी काटकोनी फाट होती. “हा रफू करून हवाय. आणि छातीवर आम्ही तापलेली सळई लावून गोळीचं भोक पाडलंय, ते मात्र तसंच ठेवायचं. तेच तर दाखवायचंय.”

“कसला सिनेमा म्हणालात?” फळीपलीकडून सूनबाईची मान बाहेर आली. कपडेपटवालीनं कादंबरीचं नाव सांगितलं. सूनबाईच्या हातातली पावती खाली पडली. “अगं बाई! टेलिफोनवालीची गोष्ट? ती मी चारदा वाचलीय! आई, मी सांगत नव्हते का तुम्हाला?”

“तू सगळ्याच गोष्टी सांगतेस बाई. मी कुठली कुठली ध्यानात ठेवू?” काकू म्हणाल्या. पण त्यांचा अंगठा अजून शिक्क्यावरच होता.

मग पुढचे चार दिवस दुपारी गिऱ्हाईक नसलं की सूनबाई कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि काकू बाहीची वीण भरायच्या. कोटाच्या खालच्या दुमडीतून त्याचेच धागे एक-एक करून काढायचे, कारण परका धागा कितीही जुळता आणला तरी तो परकाच. आधी उभे धागे ताणायचे, मग आडवा धागा एकाखालून एकावरून न्यायचा. सुईनंच विणायचं. बोटभर जागेला एक दिवस.

गोष्ट अशी होती. टेलिफोन जोडून देणारी एक मुलगी. आघाडीवर निघालेला एक शिपाई घरी बोलायला म्हणून तिच्या कचेरीत येतो, आणि तिथल्या लाकडी कठड्याच्या खिळ्यात त्याची बाही फाटते. गाडी सुटायला अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात ती कोट मागून घेते आणि बाही शिवून देते. तो नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत बाकावर बसून तिच्याकडे बघत राहतो. मग पाचशे पानं पत्रं.

“एवढं प्रेम आहे तर लग्नाचं विचारायचं ना मेल्यानं,” काकू म्हणाल्या. “हवापाण्याचं काय लिहितोय?”

“आई, त्यातच गोडी असते.”

“आमच्या ह्यांनी एकच पत्र लिहिलं होतं. ‘मोजे पाठव.’ त्यात काय गोडी होती ते मला अजून कळायचंय.”

काकूंचे हे म्हणजे युद्धात ट्रक चालवत असत. हातपाय शाबूत घेऊन परत आले आणि पुढे तीस वर्षं युद्ध सांगत राहिले. दर वर्षी त्यांचा ट्रक एक पूल जास्त ओलांडायचा. ऐकायला शेजारीपाजारी जमायचे. काकूंनाही एक युद्ध होतं हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी सांगणार काय? बसून शिवत होते, एवढंच.

चौथ्या दिवशी सूनबाई शेवटाला आली. मुलगी गाडीतळावर उभी आहे. नव्या शिपायांची तुकडी निघालीय. त्यातल्या एका अनोळखी पोराच्या बाहीवर तिला आपलेच टाके दिसतात. ती त्याचा दंड धरते. कोट तोच, माणूस दुसरा. ‘आणि कोटाच्या छातीवरच्या उघड्या भोकातून वारा शीळ घालत आरपार जात होता,’ सूनबाई वाचत होती, आणि तिचा आवाज चिरकला, डोळे भरून आले.

“खोटं,” काकू म्हणाल्या.

“काय?” सूनबाई नाक ओढत म्हणाली.

“भोकाचं खोटं आहे. गारठ्यात पोराला भोकाचा कोट कोण देईल? आम्ही मेलो होतो काय तिथं?”

“आई, कादंबरी आहे हो ती!”

“असेना. पाचशे पानं लिहिली त्या बाबानं. एक ओळ विचारून लिहिली असती तर हात झिजले असते?”

सूनबाईला राग आला होता, पण सासूचा चेहरा बघून तिनं पुस्तक मिटलं. आणि त्या दुपारी, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर, तिनं पहिल्यांदा ऐकलं की तेव्हा गावाबाहेरच्या गोदामात चौदा बायका रांगेत बसून कोट रफू करायच्या. परत आलेले कोट. धुऊन यायचे, पण धुण्यानं सगळं जात नाही. त्या चौदांवर एक मुकादमबाई होती, हाडकुळी, आवाज फाटक्या पत्र्यासारखा. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, “ज्या पोराच्या अंगावर हा चढेल त्याला कळता कामा नये, की आपल्या आधी यात कोण होतं आणि त्याचं काय झालं. नुसतं दिसलं नाही म्हणजे झालं असं समजू नका. बोटाला लागता कामा नये.” मग प्रत्येक कोट घेऊन ती डोळे मिटायची आणि छातीवरून, पाठीवरून बोट फिरवायची. बोट कुठं थांबलं की कोट परत, सगळं उसवून पहिल्यापासून. नाही थांबलं तर म्हणायची, “पुढं!” तिच्या तोंडचं तेवढंच कौतुक. बावीस वर्षांची काकू त्या एका शब्दासाठी दिवसभर मान मोडून बसायची.

“एकाही पोराला कळलं नाही,” काकू म्हणाल्या. “एकाही. आणि हा म्हणतो, वारा शीळ घालत होता.”

“मग सांगा की त्या सिनेमावाल्यांना.”

“सांगणारच आहे,” काकू म्हणाल्या, आणि धागा दातानं तोडला. “कोट द्यायला मी स्वतः जाणार. आपलं काम आधी त्यांच्या हातात ठेवीन, मग बोलेन. नुसत्या बोलणाऱ्या म्हातारीचं कोण ऐकतं?”

सिनेमाचं काम जुन्या बंद पडलेल्या गाडीतळावर चाललं होतं. उंच छत, फुटक्या काचांचे झरोके, जमिनीवर सापांसारख्या तारा. काकू घरातली चांगली शाल पांघरून गेल्या, सोबत सूनबाई, तीही नटूनथटून. कपडेपटवालीनं कोट घेतला, बाही उजेडात धरली आणि उलटसुलट केली. मग चष्मा लावला.

“काकू, रफू कुठंय?”

“आहे ना.”

“कुठं पण?”

मग कॅमेरावाला आला. त्यानं भिंग लावून बाही मनगटापासून कोपरापर्यंत पालथी घातली. “बाहेरच्या बाजूला होता का आतल्या?” तो विचारत होता. काकू मनातून फुलल्या होत्या. तेवढ्यात दिग्दर्शक आला. अंगानं आडवा, दाढी वाढलेला, तीन रात्री झोपला नसावा असा.

“काय शोधताय?”

“रफू,” कॅमेरावाला म्हणाला. “सापडत नाहीये.”

दिग्दर्शकानं बाही बघितली आणि डोक्याला हात लावला. “बाई, अहो, त्या पोरीनं गर्दीत दहा हातांवरून तो ओळखायचाय! सगळा सिनेमा त्या टाक्यांवर उभा आहे! आणि तुम्ही ते गायब केलेत?”

काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. गोष्ट त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकली होती. टाके दिसतात म्हणून तर ती त्याला धरते, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण फाट मांडीवर आली की हात स्वतःच्या वाटेनं जातो, डोक्याला विचारत नाही. जातिवंत स्वयंपाकिणीला कुणी करपवून दे म्हटलं तर ती झाऱ्याला हात न लावता राहील का?

“परत फाडा,” दिग्दर्शक कपडेपटवालीला म्हणाला. “आणि कुणालाही शिवू दे. वाईट शिवायला काय अक्कल लागते?”

पाच मिनिटांत कुणीतरी काळ्या दोऱ्यानं चार आडवेतिडवे फटकारे मारून बाही आणून दिली. काकूंनी ती बघितली आणि त्यांना राहवलं नाही.

“साहेब, हे पोतं शिवलंय.”

“दिसतंय ना? बस झालं.”

“दिसतंय हो. पण ज्यानं शिवलं त्याला त्या पोराच्या गारठ्याचं काही पडलेलं नव्हतं, तेही दिसतंय. असल्या टाक्यांवर कुठली मुलगी पाचशे पानं रडेल?”

दिग्दर्शक उत्तर द्यायला वळला, पण त्याआधी खुर्चीवर बसलेली नायिका उठून आली. बारीक चणीची पोरगी, डोळ्यांखाली रंगवलेली काळी वर्तुळं. तिनं बाही हातात घेतली. “काकू म्हणतात ते खरं आहे,” ती म्हणाली. “हे बघून मला काहीच होत नाहीये.”

“उद्या दुपारी बारा,” दिग्दर्शक म्हणाला. “परवा हा गाडीतळ आपल्या हातातून जातोय. बारापर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर पोतं.”

भोकाचं बोलणं काकूंच्या तोंडातच राहिलं. काम हातात ठेवून बोलणार होत्या, आणि कामच तोंडावर आपटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजेड होताच काकू कोट घेऊन खिडकीशी बसल्या आणि आधी तो काळा दोरा उसवला. मुद्दाम वाकडं घालायचं ठरवून त्यांनी टाका घातला. सरळ आला. दोन धागे सोडून घातला. हातानं परतून सोडलेले दोन कधी भरून घेतले तेही कळलं नाही. डोळे मिटून घातला, तर आणखीच देखणा आला.

“द्या इकडे,” सूनबाई म्हणाली. “मला तरी कुठं येतं? मी शिवते.” तिनं चार टाके घातले.

“तुझ्या हातात घाई आहे,” काकू म्हणाल्या. “डोकं फळीवर, गिऱ्हाइकात.”

“मग कसा हात हवाय तुम्हाला?”

“काळजी आहे पण कला नाही, असा. त्या पोरीला शिवता येत नव्हतं, पण जीव लावून शिवलंय तिनं. तसा हात आता आणू कुठून?”

असं म्हणताना काकू आपल्या मांडीकडे बघत होत्या. मांडीवर कोट होता आणि कोट धरून त्यांचा डावा हात बसला होता. पंचेचाळीस वर्षं त्यानं कापड ताणून धरलं होतं. उजव्यानं काय केलं ते सगळं त्यानं अगदी जवळून पाहिलं होतं, प्रत्येक टाका. आणि सुई मात्र त्याला कुणी एकदाही दिली नव्हती.

काकूंनी सुई डाव्या हातात घेतली.

पहिला टाका पडायला इतका वेळ लागला की सूनबाईनं मध्ये दोन गिऱ्हाइकं निपटली. सुई घसरली, बोटाला टोचली. धागा एकीकडे जास्त ओढला गेला आणि कोपऱ्यात कापड चुण्या पडून गोळा झालं. तिथं काकूंनी, म्हणजे डाव्या हातानं, घाबरून तीन टाके एकावर एक घातले, फाट परत उघडू नये म्हणून. जिथं हात स्थिरावला तिथं चार टाके चक्क बरे आले, मग पुन्हा भरकटले. काकूंच्या कपाळावर घाम आला. जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलं होतं.

सूनबाई येऊन मागे उभी राहिली.

“आई,” मग ती म्हणाली, “किती वाईट झालंय हो.” आणि तिनं डोळे पुसले.

बाराला दहा मिनिटं कमी असताना नायिकेनं ती बाही हातात घेतली. कोपऱ्यातल्या त्या तीन टाक्यांवर तिनं बोट ठेवलं. “इथं घाबरली ती,” ती म्हणाली. दिग्दर्शकानं नुसती मान हलवली आणि ओरडला, “चला, उभे राहा सगळे!”

“थांबा साहेब,” काकू म्हणाल्या. “अजून एक काम राहिलंय. छातीचं.”

“छातीचं काही करायचं नाहीये.”

“करायचंय. मी तिथं होते.”

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की तारा ओढणारी माणसंसुद्धा थांबली. मग काकूंनी उभ्या उभ्याच सांगितलं. गोदाम, चौदा बायका, मुकादमबाईंचं मिटल्या डोळ्यांचं बोट. त्यांनी कोट उलटा करून काखेखालचा शिक्का दाखवला. “हा तिथलाच शिक्का आहे. आमच्या दारातून भोक असलेला एक कोट बाहेर गेला नाही. तुम्ही भोक दाखवाल तर लोक म्हणतील, पोरांना असंच पाठवलं, कुणाला पर्वा नव्हती. पर्वा होती. माझ्या शेजारी बसणारीचा स्वतःचा भाऊ गेला होता, ती दुसऱ्या दिवशी कामावर आली. म्हणाली, त्याच्या मापाचा कोट आला तर मला द्या, मी करते. एवढं खोटं पडद्यावर नका घालू बाबा. बाकी मग त्यांना पत्रं लिहू द्या हवी तेवढी.”

दिग्दर्शकानं दाढी खाजवली.

“बाई, मला पटतंय,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण माझी अडचण समजून घ्या. भोक बुजवलं, आणि तुमच्या हातानं बुजवलं, तर तो मेला हे लोकांना कळणार कसं?”

“तिला कळेल ना,” काकूंनी नायिकेकडे बोट केलं. “कोट दुसऱ्याच्या अंगावर आहे म्हटल्यावर तिला कळणारच. ती भोक शोधेल. माझी शेजारीण शोधायची, प्रत्येक कोटावर.”

नायिका पुढे आली. “मला करायचंय ते,” ती म्हणाली. “किती वेळ लागेल काकू?”

“बोटाच्या पेराएवढं आहे. उजेड आहे तोवर होईल.”

पन्नास माणसं तिष्ठत बसली. मोडक्या झरोक्याखाली खुर्ची मांडली, त्यावर काकू बसल्या, आणि आता सुई उजव्या हातात आली. दुमडीतून धागे निघाले, उभे ताणले गेले, आडवे फिरले. कॅमेरावाला जवळ येऊन उकिडवा बसला आणि भोक लहान होताना बघत राहिला, चहा विसरून. तीन तासांनी काकूंनी कोट झटकला, डोळे मिटले आणि छातीवरून बोट फिरवलं. मग कोट दिला.

“कुठं होतं नेमकं?” नायिकेनं विचारलं. “मला सांगून ठेवा, म्हणजे हात बरोबर तिथं नेते.”

“सांगणार नाही,” काकू म्हणाल्या. “शोध.”

सिनेमा लागला तेव्हा काकू दुपारच्या खेळाला गेल्या. एका बाजूला सूनबाई, दुसऱ्या बाजूला दुकान बंद करून आलेला मुलगा. पाचशे पानांची पत्रं दिग्दर्शकानं बरीच आटोपती घेतली होती, त्याबद्दल काकूंनी त्याला मनातून दुवा दिला. मग गाडीतळ आला, नवी तुकडी आली, आणि पडद्यावर बाही आली.

दरवाजाएवढी. काकूंच्या डाव्या हाताचा एक-एक टाका दोरखंडाएवढा, कोपऱ्यातल्या चुण्या डोंगरासारख्या. एवढं गलिच्छ काम, हजार लोकांसमोर!

“कुणाला सांगू नकोस गं माझं आहे म्हणून,” त्या सूनबाईच्या कानात पुटपुटल्या. सूनबाई ऐकायच्या पलीकडे गेली होती, रुमाल तोंडात. सगळ्या थिएटरात नाकं ओढल्याचा आवाज येत होता.

पडद्यावर मुलीनं त्या अनोळखी पोराचा दंड धरला होता. तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तोंड दुसरंच होतं. मग तिचे हात कोटाच्या छातीवर आले. ती शोधायला लागली. आधी तळहातानं, मग बोटांनी, बटणापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून खाली. आणि ते शोधणं खोटं नव्हतं. त्या पोरीला खरंच ठाऊक नव्हतं.

“काय शोधताय?” पोरानं गोंधळून विचारलं.

ती शोधत राहिली. कॅमेरा आणखी जवळ गेला. सगळा पडदा नुसता लोकरीचा, एक-एक धागा दिसावा इतका जवळ, आणि त्यावरून फिरणारं एक बोट.

थिएटरात माना पुढे झाल्या. “कुठंय गं?” मागच्या रांगेतली एक बाई पुटपुटली. “दिसत नाही,” दुसरी म्हणाली. एक माणूस अर्धवट उठून उभा राहून बघायला लागला. हजार लोक, चोरी शोधावी तसे, काकूंचं काम शोधत होते.

“आई, कुठंय हो?” सूनबाईनं त्यांचा हात दाबला. “मला तरी सांगा.”

काकू ताठ बसल्या होत्या. त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या बटणापासून चार बोटं, किंचित वर. पडद्यावरचं बोट तिकडेच येत होतं. आलं. त्या जागेवर चढलं. नकळत काकूंचे डोळे क्षणभर मिटले.

उघडले तेव्हा बोट पलीकडे गेलं होतं. कुठंही न थांबता.

“पुढं!” काकू मोठ्यानं म्हणाल्या.

पुढच्या रांगेतला माणूस रडवेल्या तोंडानं मागे वळला. “ओ बाई, काय पुढं? बघू द्या की!”

“बघा, बघा,” काकू म्हणाल्या आणि खांद्यावरची शाल नीट केली. “डोळे फाडून बघा.”